दहा की आठ: थॅलेसेमियाच्या हृदयातलं लोह एमआरआयने मोजताना

रुग्ण तेवीस वर्षांची, थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे शरीरात रक्त नीट तयारच न होणाऱ्या जन्मजात आजाराची. वर्षाची व्हायच्या आतच निदान झालं आणि तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त. बदलापूरहून लोकलने आईबरोबर यायचं, दिवसभर डे-केअरच्या खाटेवर दोन बाटल्या रक्त घ्यायचं आणि संध्याकाळच्या गर्दीत परत जायचं, हे तिचं लहानपणापासूनचं वेळापत्रक. सख्ख्या भावाशी एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावा लागणारा पेशींचा प्रकार) जुळलं नाही, त्यामुळे बोन मॅरो प्रत्यारोपणाचा विषय तिथेच थांबला. बी.कॉम. झाली आणि ठाण्याला एका ऑफिसात अकाउंट्स पाहते.

रक्तविकारतज्ज्ञांनी तिला आमच्या एमआरआय विभागात पाठवलं तेव्हा चिठ्ठीवरचा मजकूर आश्वासक होता. दोन वर्षांपूर्वी फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ४,२०० होतं, ते लोह बाहेर काढणाऱ्या डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या नीट घेतल्यामुळे १,८०० पर्यंत उतरलं होतं. इको नॉर्मल. ईसीजी नॉर्मल. दम लागणं, पायांवर सूज, छातीत धडधड, काही नाही. खाली एकच ओळ: हृदयाचा टी२ स्टार, म्हणजे लोह मोजणारा एमआरआय, करावा.

आईने अगदी रास्त प्रश्न विचारला. “मॅडम, इको चांगला आला, फेरिटिनपण उतरलंय. मग आता एमआरआय कशाला?” मुलगी शेजारी बसून मोबाइलवर ऑफिसला सुट्टीचा मेसेज टाइप करत होती. तिला उत्तरात फारसा रस नव्हता. अशा तपासण्यांत तिचं अर्धं आयुष्य गेलेलं होतं.

इको नॉर्मल असूनही

रक्ताच्या एका बाटलीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. रोज एक-दोन मिलिग्रॅम झिजेतून जातं, तेवढंच. उरलेलं आधी यकृतात साठतं. रक्तातल्या वाहक प्रथिनाची क्षमता संपली की मोकळं लोह कॅल्शियमच्या वाटांनी हृदयाच्या पेशींतही शिरतं. यकृताला ते लवकर बाहेर सोडता येतं, हृदयाला येत नाही. गोळ्या नियमित सुरू झाल्या की यकृत काही महिन्यांत हलकं होतं, फेरिटिन उतरतं, सगळ्यांना बरं वाटतं. हृदयातलं लोह मात्र पुढची कित्येक वर्षं तसंच राहू शकतं. शाळेत असताना गोळ्यांचा कंटाळा केलेल्या वर्षांचा हिशेब अशा हृदयात शिल्लक असतो आणि तो फेरिटिनमध्ये दिसत नाही.

इकोचं म्हणाल, तर तो हृदय किती जोराने आकुंचन पावतं ते सांगतो. लोहाने भरलेलं हृदयही बराच काळ छान आकुंचन पावतं आणि मग फार थोड्या अवधीत ढासळतं. शिवाय थॅलेसेमियात कायमचा रक्तक्षय असल्याने हृदय मुळात जास्त रक्त फेकत असतं. अशा रुग्णांचा इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा त्यातलं किती टक्के रक्त फेकतो तो आकडा, निरोगी माणसापेक्षा वरच्या पातळीवर असतो. इकोच्या अहवालात ६० टक्के आणि पुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं, तेव्हा ते नॉर्मल निरोगी माणसाच्या तक्त्यातलं आहे, हे फार थोड्या ठिकाणी लक्षात घेतलं जातं. मला ही गोष्ट फार खुपते, कारण या एका शब्दामुळे पुढची तपासणी वर्षभर लांबते.

टी२ स्टारने ही कोंडी फोडली. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात अँडरसन, पेनेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. एमआरआयला लोह थेट दिसत नाही. पण लोहाचे कण आजूबाजूच्या चुंबकीय क्षेत्रात बारीक गडबड करतात, त्यामुळे पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल लवकर विझतो. सिग्नल किती मिलिसेकंदांत विझतो, तो आकडा म्हणजे टी२ स्टार. लोह जितकं जास्त, तितका आकडा लहान. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनवर २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर हृदयात लोह साठलेलं नाही असं धरतात. १० ते २० म्हणजे साठलेलं आहे. १० च्या खाली म्हणजे धोका. २००९ मध्ये ६५२ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात वर्षभरात ज्यांचं हृदय निकामी होऊ लागलं, त्यांच्यापैकी ९८ टक्क्यांचा आकडा स्कॅनमध्ये १० च्या खाली होता. या पद्धतीवर विश्वास ठेवायला एवढं पुरे.

आईला मी याचं सार सांगितलं: फेरिटिन यकृताकडचं जास्त बोलतं, इको हृदयाच्या ताकदीचं बोलतं, हृदयात लोह किती आहे ते या दोघांनाही सांगता येत नाही. इंजेक्शन नाही, कॉन्ट्रास्ट नाही, किरणोत्सर्ग नाही. “बरं,” ती म्हणाली, “पण रक्त चढवल्यावर घ्या. आधी ती फार थकलेली असते.” हे तिने बरोबर सांगितलं. रक्त चढवण्याआधीच्या दिवसांत या मुलांना श्वास धरून ठेवणं जड जातं. आम्ही रक्ताच्या दुसऱ्या दिवसाची वेळ दिली.

मशीनवर बटण असतंच, पण

नव्या एमआरआय मशीनवर टी२ स्टारचं सॉफ्टवेअर येतं, विकत घेता येतं. त्यामुळे पद्धत ‘उपलब्ध’ आहे असं लोक म्हणतात. माझ्या मते ती उपलब्ध तेव्हा होते, जेव्हा याच इमारतीत, याच मशीनवर, याच रुग्णांवर तो आकडा पुन्हा पुन्हा तोच येतो हे तपासून झालेलं असतं. आमच्याकडे त्यासाठी एक मेडिकल फिजिसिस्ट, एक अनुभवी टेक्निशियन आणि मी असे तिघे रविवारच्या मोकळ्या मशीनवर बसायचो.

सुरुवात बाटल्यांपासून केली. मँगनीज क्लोराइडचं पाण्यातलं द्रावण वेगवेगळ्या तीव्रतेचं करून छोट्या बाटल्यांत भरायचं. अशा एकजिनसी द्रावणात टी२ (चुंबकीय क्षेत्रातली गडबड वगळून मोजलेला सिग्नल विझण्याचा काळ) आणि टी२ स्टार जवळपास सारखे असतात. टी२ आधी वेगळ्या, सावकाश पद्धतीने मोजून ठेवला की हृदयासाठीच्या झटपट सिक्वेन्सचा (मशीनवरच्या मोजणीच्या ठरावीक क्रमाचा) आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो. सगळ्यात फिक्या बाटल्या लगेच जुळल्या. सगळ्यात गडद बाटली, म्हणजे जिचा आकडा दहाच्या खाली होता, ती जुळेना. सॉफ्टवेअर तिचा आकडा दरवेळी खऱ्यापेक्षा मोठा दाखवायचं. लोह जिथे सगळ्यात जास्त, तिथेच पद्धत जास्त आशावादी होत होती. कारण पुढे या रुग्णाच्याच आकड्यांवर दाखवते.

१.५ टेस्लाचाच आग्रह का, हेही इथे सांगायला हवं. मुंबईत आता ३ टेस्लाची मशीनं बरीच आहेत आणि मेंदू-सांध्यांसाठी ती उत्तम आहेत. पण क्षेत्राची ताकद दुप्पट झाली की लोहामुळे होणारी गडबडही जवळपास दुप्पट होते. १.५ वर २० येणारा आकडा ३ टेस्लावर ११-१२ च्या आसपास येतो. तिथे १.५ चा तक्ता लावला तर लोह नसलेल्या मुलाला लोह आहे असं सांगितलं जाईल. आणि खरंच खूप लोह असेल तर ३ टेस्लावर सिग्नल इतक्या झटकन विझतो की मोजायला हाताशी फारसं काही उरत नाही. अहवालावर मशीन किती टेस्लाचं ते लिहिलेलंच नसेल तर तो आकडा वाचूच नये, असं मी निवासी डॉक्टरांना सांगते.

जागा कुठली मोजायची, हा दुसरा प्रश्न. डाव्या कप्प्याच्या मध्यावर एकच आडवा काप घ्यायचा आणि त्यातलाही फक्त दोन कप्प्यांमधला पडदा मोजायचा. बाहेरच्या भिंतीला फुप्फुसाची हवा लागून असते, मागच्या बाजूला मोठी शीर असते. हवेने आणि शिरेतल्या रक्ताने सिग्नल लोहाशिवायही विझतो. पडद्याला मात्र दोन्ही बाजूंनी रक्तच असतं, म्हणून तो भरवशाचा. रेघ आखताना रक्ताचा एकही पिक्सेल आत येऊ द्यायचा नाही, वरचं आणि खालचं टोक थोडं सोडायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण पातळ पडद्यावर हात शिकायला वेळ लागतो.

श्वास

तिचा स्कॅन ठरला त्या दिवशी ती गोंधळलेली नव्हती, घाईत होती. अर्ध्या दिवसाची रजा होती. टेक्निशियनने तिला आत न्यायच्या आधी बाहेरच्या बाकावर बसवून सराव करून घेतला. “ताई, श्वास घ्या, सोडा, आणि सोडल्यावर थांबा. घेतल्यावर नाही, सोडल्यावर.” बहुतेक जण श्वास धरा म्हटलं की छाती भरून घेतात. पण भरलेली छाती दरवेळी वेगवेगळी भरते, त्यामुळे हृदय दरवेळी वेगळ्या जागी येतं. श्वास सोडल्यावर ते जवळपास त्याच जागी येतं. हे थांबणं आठ प्रतिमांसाठी बारा-पंधरा सेकंदांचं असतं. तिला पहिल्यांदा आठ सेकंदांतच खोकला आला. टेक्निशियनने घाई केली नाही, पाणी दिलं, पुन्हा करून घेतलं. मग तिनेच मनात आकडे मोजायची युक्ती काढली आणि जमलं.

माझ्या अनुभवात निम्मे खराब स्कॅन मशीनमुळे खराब होत नाहीत, बाहेरच्या बाकावरची ही दहा मिनिटं न दिल्यामुळे होतात. वेटिंग लिस्ट लांब असली की नेमकी हीच दहा मिनिटं कापली जातात.

यकृताचा एक काप, हृदयाच्या हालचालीच्या फिल्म्स आणि पडद्याचा टी२ स्टार एवढंच घेतलं. २०१६ मध्ये थायलंडमध्ये ब्रिटिश आणि थाई डॉक्टरांनी दाखवून दिलं की लोहापुरता स्कॅन दहा मिनिटांच्या आत संपवता येतो. तासाभराचा पूर्ण कार्डियाक एमआरआय दर थॅलेसेमिया रुग्णाला करायचा म्हटलं तर आपल्याकडे एकाचाही होणार नाही, म्हणून आमचा आराखडा मुद्दाम आखूड ठेवलेला आहे.

वळण

सॉफ्टवेअरने पडद्यासाठी आकडा दिला: १०.४. ‘मध्यम’ या खान्यात, काठावर. यकृतात लोह थोडंच. एमआरआयवरचा इजेक्शन फ्रॅक्शन ६१ टक्के.

एवढ्यावर सही करता आली असती. पण आमचा नियम आहे की आकडा वाचायच्या आधी वळण, म्हणजे सिग्नल विझत जाण्याचा आलेख, उघडून पाहायचं. आठ प्रतिमा पहिल्या २.४ मिलिसेकंदांपासून दर २.२ मिलिसेकंदांनी घेतलेल्या. पडद्यातला सिग्नल असा होता: ७२, ५४, ४१, ३२, २५, २१, १८, १७.

सुरुवातीचे चार आकडे पाहा. दर पावलाला सिग्नल साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतो, ७२ चा ५४, ५४ चा ४१, ४१ चा ३२. याच चालीने शेवटचे दोन आकडे १३ आणि १० च्या आसपास यायला हवे होते. आले १८ आणि १७. शेवटाकडे वळण उतरायचं थांबलं आणि आडवं झालं. हृदयात तिथे सिग्नल उरलेलाच नाही. जे दिसतंय ते मशीनचा गोंगाट आणि आजूबाजूच्या रक्ताचं, हालचालीचं उरलंसुरलं. एमआरआयच्या प्रतिमेत आकडा शून्याखाली जात नाही, त्यामुळे हा गोंगाट सरासरीत पुसला जात नाही, तळाशी साचून राहतो. सॉफ्टवेअर हे ओळखत नाही. ते आठही आकड्यांचा लॉगरिदम घेऊन सरळ रेघ बसवतं. शेवटचे आडवे ठिपके त्या रेघेचं टोक उचलून धरतात, उतार कमी होतो आणि आकडा फुगतो. गडद बाटलीच्या वेळी नेमकं हेच होत होतं.

आठही ठिपके घेतले तर १०.४. पहिले चार घेतले तर ८.१. आकडे वर दिलेत, कोणालाही कागदावर करून पाहता येईल.

यात एक गैरसमज टाळायला हवा. आपल्याला हवा तो आकडा येईपर्यंत ठिपके काढत बसणं, असं हे नाही. कुठून कापायचं याचा नियम आम्ही बाटल्यांवरच ठरवून ठेवला होता: शेवटाकडून एकेक ठिपका काढत जायचं, उरलेले वळणावर नीट बसले की थांबायचं, तीनपेक्षा कमी कधीच ठेवायचे नाहीत. या नियमाने गडद बाटलीचा आकडा खऱ्याशी जुळला होता. शिवाय फिजिसिस्टने माझा आकडा न पाहता स्वतः रेघ आखून मोजलं, त्याला ८.३ आलं. आम्हा दोघांमधला फरक ०.२. ठिपके कापण्या-न कापण्यातला फरक २.३.

२०११ मध्ये, मृत्यूनंतर किंवा प्रत्यारोपणाच्या वेळी मिळालेल्या १२ हृदयांत प्रत्यक्ष लोह मोजून, टी२ स्टारचं सूत्र पक्कं केलं गेलं. त्या सूत्रात १०.४ घातले तर हृदयाच्या एक ग्रॅम कोरड्या पेशीत साधारण २.६ मिलिग्रॅम लोह येतं. ८.१ घातले तर ३.५. एकाच मुलीचं, एकाच श्वासातलं मोजमाप, पण लोह तिसऱ्या हिश्शाने जास्त.

आकड्यानंतर

अहवालात मी ८.१ लिहिलं, सोबत वळणाचं चित्र जोडलं आणि चिठ्ठीची वाट न पाहता फोन केला. रक्तविकारतज्ज्ञांनी आधी विचारलं, “सॉफ्टवेअर काय म्हणत होतं?” मी १०.४ सांगितलं, वळण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. “उद्याच बोलावतो.”

दहाच्या वरच्या बाजूला असती तर बहुधा गोळ्यांचा डोस वाढवून वर्षाने पुन्हा स्कॅन, असं ठरलं असतं. दहाच्या खाली उपचारच बदलतात. डेफेरिप्रोन हे दुसरं औषध हृदयातलं लोह काढण्यात सरस आहे. ६१ रुग्णांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरात टी२ स्टार डेफेरिप्रोनने २७ टक्के आणि डेस्फेरालने (पंपाने कातडीखाली द्यायचं लोह काढणारं औषध) १३ टक्के सुधारला होता. डेफेरिप्रोन जगात सर्वांत आधी भारतातच, १९९० च्या दशकात, मुंबईच्या सिप्लाने ‘केल्फर’ नावाने बाजारात आणलं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला २०११ उजाडलं. अडचण त्याच्या दुष्परिणामांची. पांढऱ्या पेशी अचानक घसरू शकतात, म्हणून वारंवार सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आणि ताप आला की औषध थांबवून ताबडतोब तपासणी. सांधेही दुखतात.

तिच्यासाठी डेफेरासिरॉक्स थांबवून डेफेरिप्रोन दिवसातून तीनदा आणि त्याच्या जोडीला रात्री डेस्फेरालचा पंप असं ठरलं. पंप म्हणताच तिचा चेहरा पडला. पोटाच्या कातडीखाली सुई, आठ-दहा तास, आठवड्यातल्या पाच रात्री. लहानपणी तिने तो केलेला होता आणि दहावीच्या वर्षी बंद पाडला होता. “परत तेच?” ती म्हणाली. या वेळी मात्र तिने स्वतः वळण पाहायला मागितलं. डॉक्टरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. सिग्नल खाली येऊन आडवा कुठे होतो ते तिने बोट ठेवून विचारलं. अकाउंट्सवाली मुलगी, आकडे तिला वाचता येतात. “म्हणजे इथून पुढचे खोटे?” “हो, इथून पुढचे हृदयाचे नाहीत.” त्यानंतर तिने पंपाला हो म्हटलं. आईला मी सांगितलेल्या सगळ्या स्पष्टीकरणापेक्षा त्या एका चित्राने जास्त काम केलं, म्हणून आता थॅलेसेमियाच्या प्रत्येक अहवालासोबत आम्ही वळण छापून देतो.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. त्या आठवड्यात १.५ चं मशीन दुरुस्तीसाठी बंद होतं आणि ३ टेस्लावर जागा रिकामी होती. रक्तविकारतज्ज्ञांना आकडा लवकर हवा होता. तरी आम्ही दहा दिवस थांबलो. मशीन बदललं असतं तर आकड्यातला बदल हृदयाचा की मशीनचा, हे कोणालाच सांगता आलं नसतं. तेच मशीन, तोच सिक्वेन्स, तोच कापण्याचा नियम, रक्ताच्या दुसऱ्याच दिवशी. आकडा ९.४ आला, या वेळी पहिले पाच ठिपके वळणावर बसले. एकाच माणसाला त्याच दिवशी टेबलावरून उतरवून पुन्हा चढवून मोजलं की आमच्याकडे जो फरक पडतो, त्याच्यापेक्षा ही वाढ स्पष्ट मोठी आहे, त्यामुळे लोह खरंच उतरू लागलंय असं म्हणता येतं. इजेक्शन फ्रॅक्शन ६१ चा ६४ झाला. आईला त्याचा जास्त आनंद झाला, पण तेवढा फरक मोजण्यातही पडतो, म्हणून अहवालात मी त्याला सुधारणा म्हटलेलं नाही.

आकडा अजून दहाच्या खालीच आहे. पंपाच्या रात्री पाचच्या चार कराव्यात का, असं तिने विचारलं होतं. त्याला नकार मिळाला. वजन वाढल्यामुळे डेफेरिप्रोनचा डोस थोडा वाढवला. पांढऱ्या पेशी आतापर्यंत व्यवस्थित आहेत, गुडघे अधूनमधून दुखतात. पुढचा स्कॅन पुन्हा सहा महिन्यांनी, त्याच १.५ वर. तारीख तिने ऑफिसचं ऑडिट संपल्यानंतरची मागितली आणि तीच दिली आहे.